निजलेला पहारेकरी

फ्री थ्रोची शिट्टी झाली की लोक उठून चहाला जात. निजपट्टी आल्यापासून ही सवयच पडून गेली होती. कुणी चुकायचंच नाही म्हटल्यावर बघायचं तरी काय? खेळाडू कपाळावरची पट्टी चाचपायचा, रेषेवर उभा राहायचा, आणि चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली यायचा. समालोचकसुद्धा तेवढ्यात घसा ओला करून घेत.

अपवाद एकच. विदर्भ वज्र संघाचा भगीरथ ढोमणे रेषेवर आला की उठलेली माणसं झटकन खाली बसायची. साऱ्या लीगमध्ये पट्टी न लावणारा तो एकटाच उरला होता, आणि तो चुकायचा. असातसा नाही, अगदी मन लावून चुकायचा. चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आदळायचा, 'ठण्ण' असा आवाज व्हायचा आणि सगळं स्टेडियम एका सुरात ओरडायचं, "ठण्ण!" लोकांचं काय हो, चालणाऱ्याकडे कुणी बघत नाही, पडणाऱ्याभोवती मात्र गर्दी जमते.

ज्यांना बास्केटबॉल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरच्याने धसमुसळेपणा केला की भरपाई म्हणून फ्री थ्रो मिळतो, म्हणजे मोकळी फेक. रिंग तीच, चेंडू तोच, आणि आडवं कुणीही येत नाही. सगळे हात खाली सोडून उभे राहतात. खेळातली सगळ्यात सोपी गोष्ट ही. भगीरथ पावणेसात फुटांचा गडी. दोन माणसं दंडाला लोंबकळत असताना तो चेंडू आत कोंबायचा, आणि मोकळं सोडलं की हातपाय गाळायचा. मग प्रतिस्पर्धी तरी कशाला सोडतील? सामना अटीतटीचा झाला की ते मुद्दाम त्यालाच धरायचे. कारण त्याला धरणं म्हणजे चेंडू फुकटात परत मिळवणं. शेवटी प्रशिक्षक हेडाऊ सरांनी उपाय काढला. शेवटची चार मिनिटं आली की ते भगीरथला बाकावर बसवायचे.

"अबे ढोमणे, तुझ्यावर राग नाही माझा," ते म्हणायचे. "पण तू मैदानात असला की ते आपल्याला तुझ्याच हाताने मारतात."

गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या ठेवून भगीरथ बसून राहायचा. चौतिसावं चालू होतं. थकला होता. हरण्याचं दुःख असतं तसं जिंकण्याचंही एक दुःख असतं, सगळे नाचत असताना आपण टॉवेल घड्या करत बसलो की कळतं ते. कारकीर्द संपायच्या आत एकदा तरी शेवटच्या क्षणाला मैदानात असावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

पट्टीबिट्टीसाठी डोक्याला कुणाला हात लावू देणार नाही, हा हट्ट मात्र त्याने एका संध्याकाळी सोडला. त्या दिवशी त्याची मुलगी कावेरी सामना बघायला आली होती. नऊ वर्षांची पोर, बोलताना अडखळायची. त्यातही 'क' आला की गाडी रुतलीच, आणि नशीब बघा, नावच कावेरी. शाळेतली पोरं तिला 'क-क-कावेरी' म्हणून चिडवत. त्या सामन्यात पुढच्या रांगेतली चार पोरं तिच्याकडे वळून "ठण्ण!" म्हणून ओरडली. घरी येताना ती गाडीत म्हणाली, "बाबा, तुमचं पण माझ्यासारखंच आहे ना? क-कुणी अडवत नाही, तरी अडतं."

दुसऱ्याच दिवशी तो डॉ. शरयू बापट यांच्यासमोर जाऊन बसला.

निजपट्टी जिच्या डोक्यातून निघाली ती ही बाई. साठीच्या घरातली, कापलेले पांढरे केस, डोळ्यांखाली जागरणं. प्रयोगशाळेतली सगळ्यात दणकट खुर्ची तिने त्याच्याकडे सरकवली.

"मॅडम, मला एवढंच सांगा," भगीरथ म्हणाला. "गर्दीत पडतो तो बॉल, एकटा असताना काऊन पडत नाही?"

"एकटे असता म्हणूनच पडत नाही. तुमच्याकडे पोळ्या कोण करतं?"

"बायको करते. विशाखा."

"तुमची आई मागे उभी राहून टक लावून बघायला लागली तर तिची पोळी कशी होते?"

भगीरथला हसू आलं. "नकाशा होतो मॅडम."

"हात तेच, कणीक तीच. फक्त कुणीतरी बघतंय. तुमच्या बाबतीत सासू आणि सून एकाच डोक्यात राहतात, एवढाच फरक." तिने स्वतःच्या कपाळावर बोट ठेवलं. "इथे, कपाळाच्या मागे, मेंदूचा एक भाग असतो. आपण काय करतोय त्यावर तो नजर ठेवतो. आम्ही त्याला पहारेकरी म्हणतो. चेंडू फेकायची कला त्याच्याकडे नसतेच, ती खोल आत, हाताच्या सवयीत मुरलेली असते. धावपळ चालू असते तेव्हा पहारेकरी दुसरीकडे गुंतलेला असतो. फ्री थ्रोला त्याला दुसरं कामच नसतं. मग तो विचारत सुटतो. कोपर सरळ आहे का? बोटं बरोबर आहेत का? मागच्या वेळी चुकलास, आता काय करशील? बिचारा हात गांगरतो."

"आणि पट्टी?"

"पट्टी त्याला निजवते. कपाळातून अगदी बारीक वीज जाते आणि तो डुलकी घेतो. गलका झाला की आपोआप जागा होतो. एक गोष्ट आधीच सांगते, ते तीन-चार सेकंद तुम्हाला आठवणार नाहीत. आठवणं हे पहारेकऱ्याचंच काम आहे. तो जे बघतो तेवढंच आपलं."

"नाही आठवलं तर बरंच आहे. ते सेकंद मला नकोच आहेत."

डॉक्टरने वही पुढे ओढली. मग म्हणाली, "पट्टीला एक खूण लागते. रेषेवर तुम्ही दर वेळी काय करता?"

भगीरथने उठून दाखवलं. चेंडू डाव्या काखेत, उजव्या हाताने मांडीवर दोन थापा, एक श्वास, आणि ओठातल्या ओठात "चल."

"छान. आपण झोप या खुणेला बांधू. महिनाभरात मेंदू ती शिकतो, मग पट्टी नुसती शोभेची राहते. खूण केली की पहारेकरी आपला आपण निजतो. म्हणून नीट आठवून सांगा, हे तुम्ही दुसरीकडे कुठे करता का?"

"नाही बाप्पा. फ्री थ्रोलाच."

तो खोटं बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. भगीरथचे वडील काटोल डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. किल्ली फिरवण्याआधी मांडीवर दोन थापा, एक श्वास आणि "चल". मग गाडी हलायची. ते जेवायला बसतानाही तेच करत, पाहुण्यांकडे बोलणी करायला निघतानाही तेच. पोराने ते उचललं, पोराच्या पोरीने उचललं. ढोमण्यांच्या घरात ही काही खूण नव्हतीच, श्वास घेण्यासारखं होतं ते. आणि आपण श्वास घेतो हे कुणी डॉक्टरला सांगायला जातं का?

पुढचा दीड महिना भगीरथ चुकला नाही. एकदाही नाही. पहिले काही सामने लोक सवयीने बसून राहिले, मग तेही चहाला जाऊ लागले. हेडाऊ सरांनी त्याला शेवटच्या मिनिटांत मैदानावर ठेवलं. उपांत्य सामन्यात बरोबरी असताना त्याला दोन फेकी मिळाल्या. तो रेषेवर आला, थापा मारल्या, "चल" म्हणाला, आणि पुढच्या क्षणी त्याला पोरांनी खांद्यावर घेतलं होतं.

"त्या वेळी मनात काय होतं?" वार्ताहराने माईक पुढे केला.

"काहीच नव्हतं," भगीरथ म्हणाला. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याच्या विनयाचं कौतुक छापून आलं.

पण दुसरंही काहीतरी व्हायला लागलं होतं. काटोलला जायला गाडीत बसला, किल्ली फिरवली, आणि एकदम टोलनाक्यावर मागच्या ट्रकने हॉर्न मारला तेव्हा भानावर आला. मधला रस्ता गायब. असं सगळ्यांचंच होतं म्हणून त्याने सोडून दिलं. मग एकदा जेवणाच्या ताटावर बसला आणि विशाखाने भांडं आपटलं तेव्हा बघतो तर ताट रिकामं.

"कुठे असता हो तुम्ही?" ती म्हणाली. "मघापासून आईच्या ऑपरेशनचं सांगतेय. हो-हो करत होतात. शहाण्यासारखे प्रश्नपण विचारलेत."

"मी?"

"नाही तर कोण, शेजारचे?"

भगीरथचा हात मांडीवरच होता. त्याने तो उचलून बघितला.

डॉ. बापटांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही मला नाही म्हणाला होतात."

"माझ्या ध्यानातच नव्हतं मॅडम."

"माझीच चूक. ज्याच्याकडे पहारेकऱ्याचं कधी लक्षच गेलं नाही, ते विचारून कसं कळणार?" ती थकल्यासारखी खुर्चीत मागे रेलली. "बाकीच्यांच्या खुणा मैदानापुरत्या आहेत. त्यांचे चार सेकंद जातात, कुणाला पत्ता लागत नाही. तुमची खूण घरभर आहे. आणि घरात गलका नसतो. शांतता असेपर्यंत पहारेकरी उठतच नाही. तुम्ही बोलता, हसता, जेवता, सगळं सवयीने नीट होतं. फक्त ते बघायला आत कुणी नसतं."

"हे जाईल का?"

"आत्ता थांबलात तर जाईल. मळलेली वाट आहे, पाऊल पडलं नाही तर गवत उगवेल. पण त्या खुणेने एकही फेक टाकायची नाही. एकही म्हणजे एकही नाही."

"पंधरा दिवसांनी फायनल आहे."

"मग त्या वाटेवर डांबर पडेल. पुढे मला काही करता येईल असं वचन देत नाही."

"आणि खूण बदलली तर? नाकाला हात लावीन, काहीही करीन."

"पंधरा दिवसांत नवी खूण रुजत नाही. जागे राहून टाका की. काय होईल?"

"ठण्ण होईल," भगीरथ म्हणाला.

हेडाऊ सरांना त्याने सांगून पाहिलं. "अबे, फायनल होऊ दे, मग वाटेल तेवढी गवतं उगव," ते म्हणाले. विशाखाला सांगितलं तेव्हा ती रागावली, रडली आणि शेवटी म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवा. मी नाही म्हटलं तर जन्मभर मलाच बोल लावाल." खरंच होतं ते. पंधरा वर्षं गुडघे झिजवून जे दार उघडलं, त्याच्या उंबऱ्यावरून परत फिरायचं त्याच्या जिवावर आलं. तो फायनल खेळला. शेवटच्या चार मिनिटांत तो मैदानात होता, शेवटची फेक त्याचीच होती, विदर्भ वज्र एका गुणाने जिंकलं. ज्या क्षणासाठी त्याने हे सगळं केलं, तो त्याने घरी येऊन टीव्हीवर पाहिला. पडद्यावरचा उंच माणूस किती शांत दिसत होता! भगीरथला त्याचा हेवा वाटला, आणि मग जरा भीती वाटली.

पुढच्या रविवारी कावेरीची वक्तृत्व स्पर्धा होती.

नाव तिने स्वतःच दिलं होतं. विशाखा ऑपरेशनसाठी आईकडे गेली होती, म्हणून भगीरथ एकटाच घेऊन आला. विषय होता 'माझी नदी'. पाठांतर चोख होतं, भीती भाषणाची नव्हतीच. शाळेचा नियम असा की आधी आपलं पूर्ण नाव सांगायचं, मग सुरुवात करायची.

"बाबा, मी अडले तर तुमच्याकडे बघीन," ती स्टेजकडे जाताना म्हणाली. "तुम्ही आपलं ते करा, चल. मग मी क-करीन. आधी तुम्ही."

"तू एकटीनेच कर ना बेटा."

"नाही. आधी तुम्ही. नाहीतर नाही निघत."

भगीरथ तिसऱ्या रांगेत बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. गेला आठवडाभर तो असाच वागत होता, चोरासारखा स्वतःच्या हातांवर पाळत ठेवून. आज काही झालं तरी जागं राहायचं, असं त्याने देवाला हात जोडून ठरवलं होतं. फायनलचा क्षण गेला तर गेला. ही गोष्ट त्याला हवी होती.

कावेरी माईकसमोर उभी राहिली. दोन वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक. "नमस्कार. माझं नाव क..." आणि रुतली. "क... क..." मागून कुणीतरी खुसखुसलं. बाईंनी डोळे वटारले तसं सगळं सभागृह चिडीचूप झालं. तिच्यासमोर कुणी आडवं नव्हतं. सगळे हात खाली सोडून बसले होते. पोरीचा चेहरा लाल झाला, मान ताठली, आणि तिने तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

तो तिला पुरता ओळखत होता. ती थांबली असती तर पुन्हा कधीच स्टेजवर चढली नसती. आणि त्याने थाप मारली तर ती बोलेल, पण तो ऐकणार नाही. तो फक्त मान हलवून बघू लागला, डोळ्यांनी धीर देऊ लागला. ती बघतच राहिली. तिची हनुवटी थरथरायला लागली.

"माय माझे," भगीरथ पुटपुटला, आणि त्याने हात मांडीखालून काढला. तिला दिसेल असा उंच केला. दोन थापा. एक श्वास.

चल.

टाळ्यांचा कडकडाट चालू होता. आजूबाजूचे पालक उठून उभे होते. शेजारच्या बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काय बोलली हो तुमची लेक!" तो होय-होय म्हणाला. स्टेजवर कुणी नव्हतं. कावेरी खुर्च्यांमधून धावत येत होती.

"बाबा! बाबा, तुम्ही रडलात ना? मी बघितलं वरून!"

त्याने गालाला हात लावला. गाल ओला होता. दाढीपर्यंत ओघळ आला होता. म्हणजे लेकीचं ऐकून हे अंग रडलं होतं, पोटभर रडलं होतं, आणि तो तिथे नव्हता. त्याने तिला उचलून छातीशी धरलं.

सभागृह रिकामं झालं तरी घरी जाववेना. शाळेच्या मागे जुनं बास्केटबॉलचं मैदान होतं. रविवारचं तिथे कुणी नव्हतं. दोघं पायरीवर बसले. रिंगला जाळी नव्हती, नुसतं गंजलेलं कडं होतं.

"कावेरी," तो म्हणाला, "मला सांग ना, काय-काय झालं ते."

"पण तुम्ही होतात ना!"

"होतो. तरी सांग. पहिल्यापासून सांग. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय."

तिला ते आवडलं. ती त्याच्यासमोर उभी राहिली, फ्रॉक नीट केला. भगीरथ पुढे वाकून बसला. अजून काही गेलं नव्हतं. ऐकलेलं नाही तर सांगितलेलं तरी त्याला मिळणार होतं, आणि तेही आपलंच असतं.

"मी माईकसमोर गेले," ती म्हणाली. "मग म्हणाले, नमस्कार, माझं नाव क... क..."

पुन्हा अडली. स्वतःवरच हसली. मग तिने मोठा श्वास घेतला आणि तिचा हात मांडीकडे गेला. भगीरथने ते पाहिलं. तो "थांब" म्हणणार होता. पण पोरीने थाप मारली आणि त्याचा स्वतःचा हात, कुणी न सांगता, तिच्या जोडीने उठला.

फाटक धाडकन आपटलं. शिपाई कुलूप लावायला आला होता. उन्हं पायरीवरून उतरून मैदानापार गेली होती. कावेरी त्याच्या मांडीवर बसली होती, आणि त्याचा हात तिच्या वेणीवरून फिरत होता.

"...आणि मग सगळे उभे राहिले," ती म्हणत होती. "संपलं. आता आठवलं ना सगळं?"

"हो बेटा," भगीरथ म्हणाला. "सगळं आठवलं."

"तुम्ही आत्तापण रडलात," ती म्हणाली, आणि तिने आपल्या फ्रॉकच्या बाहीने त्याचं तोंड पुसलं.